यंत्रमानव डोळे तपासणार असेल, तर मुलीने काय शिकावे?

प्रश्न : माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत असून तिने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतले आहेत. तिला नेत्रतज्ज्ञ व्हायचे आहे. पण यापुढे डोळ्यांच्या शस्त्रक्रिया यंत्रमानवच करणार, असे तिचे मामा म्हणतात. तिने नीटची तयारी सोडावी का?
– एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. मामांचे म्हणणे अर्धे खरे आहे. छायाचित्र पाहून निदान सांगणारी कृत्रिम बुद्धिमत्ता वेगळी आणि यंत्राचे शरीर लाभल्यामुळे पाहिल्याबरोबर हातही चालवणारी वेगळी. पहिली रुळत चालली आहे. मधुमेहामुळे दृष्टिपटलावर (डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर) होणारे बदल डॉक्टरांविना ओळखणाऱ्या प्रणालीला अमेरिकेत २०१८ मध्येच मान्यता मिळाली. दुसरीचा पल्ला मात्र अजून लांबचा आहे. २०१६ मध्ये ऑक्सफर्ड येथे डोळ्याच्या आत रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया झाली, तेव्हा जॉयस्टिक शल्यचिकित्सकाच्याच हातात होती. रोबोट त्या हाताचा कंप तेवढा गाळत होता. निष्णात हातही सुमारे १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका, थरथरतो आणि दृष्टिपटलावरचे पापुद्रे त्याहून कितीतरी पातळ असतात. त्यातच रुग्ण श्वास घेतो, दचकतो, एखादा घोरूही लागतो. अशा वेळी सुई कधी आणि किती मागे घ्यायची, हे यंत्राला शिकवणे खरे अवघड आहे आणि ते शिकवायला डोळा आतून पाहिलेला माणूस लागतो.

म्हणून केवळ धास्तीपोटी नीट सोडू नये. साडेपाच वर्षे एमबीबीएस आणि पुढे तीन वर्षे नेत्रविकारातील पदव्युत्तर शिक्षण, हा मार्ग लांब आहे, पण त्याचे मोल कमी झालेले नाही. तिचा जीव रुग्णापेक्षा यंत्रात रमत असेल, तर मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स घ्यावे; नावात ‘एआय’ आहे एवढ्यावरून शाखा निवडणे मला पटत नाही. मायक्रॉनचा हिशेब आपल्या उद्यमनगरातल्या कारखान्यांमधील कारागिरांनाही परका नाही, हे मामांना जरूर सांगा. चार वर्षांचा ऑप्टोमेट्रीचा, म्हणजे दृष्टी तपासून चष्म्याचा नंबर काढण्याच्या शास्त्राचा, पदवी अभ्यासक्रमही आहे, मात्र त्यातून शस्त्रक्रिया करता येत नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत ओळखीच्या नेत्रतज्ज्ञांची परवानगी घेऊन तिला चार दिवस त्यांच्या दवाखान्यात बसू द्या आणि चार दिवस एखाद्या सीएनसी (संगणकाच्या आज्ञेने धातू कापणाऱ्या यंत्रांच्या) वर्कशॉपमध्ये. बारावीपर्यंत गणित मात्र सोडू देऊ नका. नीटला ते लागत नसले, तरी अभियांत्रिकीचे दार त्यावरच उघडे राहते.