सोंग घेतलं की सोंग निघालं?

अनुवादाचं काम करणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: नायजेरियातल्या सणांवरच्या एका इंग्रजी लेखात 'मास्करेड' हा शब्द पानोपानी येतो. कोशात 'मुखवटे घालून केलेला नाच', 'छद्मवेशी मेजवानी', 'बतावणी' असे अर्थ मिळाले. त्यातला पहिला धरून त्यांनी वाक्य केलं, 'तरुणांनी पूर्वजांचे मुखवटे घालून नृत्य सादर केलं.' हे चालेल का? आणि 'सोंग' हा शब्द वापरला तर त्या लोकांचा अपमान होईल का?

पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचंही नाही.

'सादर केलं'वर मी फार बोलत नाही, रक्तदाब वाढतो. हल्ली आरतीसुद्धा सादर होते. 'मुखवटा नृत्य' हा मात्र गेली काही वर्षं सगळीकडे ऐकू येणारा प्रकार आहे. आफ्रिकेचं नाव निघालं की मुखवटा आणि नृत्य हे दोन शब्द जोडून मोकळं व्हायचं. मेजवानीचा अर्थ युरोपातल्या नाचगाण्याच्या रात्रींचा, तो इथे सोडूनच द्या. नायजेरियातली माणसं इंग्रजी बोलताना 'मास्करेड' म्हणतात तेव्हा त्यांना कार्यक्रम अभिप्रेत नसतो आणि तोंडावरचं लाकूडही नसतं. त्यांच्या बोलण्यात मास्करेड अंगणात येतो, पोरांच्या मागे धावतो, म्हाताऱ्यांना आशीर्वाद देतो. जो आला आहे, तो म्हणजे मास्करेड.

आता मुखवट्याचं बघू. शब्द छान आहे, मुख आणि पट्ट मिळून झालेला. दीपाचा दिवा झाला, कपाटाचं कवाड झालं, तसा पट्टातल्या प चा व झाला. पण नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या एगुंगुनला, म्हणजे परतून आलेल्या पूर्वजाच्या मास्करेडला, बऱ्याचदा कोरलेलं तोंडच नसतं. डोक्यापासून पायापर्यंत कापडच कापड. थरावर थर, पट्ट्यांवर पट्ट्या, मखमल, छापील सुती, कडांना दातेरी लाल किनार. चेहऱ्याच्या जागी विणलेली जाळी, आतून बाहेरचं दिसावं एवढीच. घराण्यातली माणसं जुन्या कापडांवर नवी कापडं चढवत जातात, त्यामुळे वेश पिढ्यान्‌पिढ्या जड होत जातो. एगुंगुन गिरकी घेतो तेव्हा त्या शेकडो पट्ट्या छत्रीसारख्या उघडतात आणि वारा सुटतो. तो वारा अंगावर घेणं हाच आशीर्वाद. आता यात मुखवटा कुठे आहे? बेनिनमधला झांगबेटो तर गवताची चालती गंजी असते. बुर्किना फासोतल्या ब्वा लोकांत पानांनी मढलेले येतात. योरुबांच्याच गेलेदे या दुसऱ्या सणात कोरीव लाकूड असतं, पण ते टोपीसारखं डोक्यावर, चेहऱ्यावर पातळ कापड. मग सगळीकडे मुखवटा कुठून आला? संग्रहालयांनी लाकूड तेवढं नेलं, कापड-गवत-पानं मागे राहिली आणि काचेच्या कपाटात जे उरलं त्यालाच आपण 'आफ्रिकन मुखवटा' म्हणायला लागलो.

तरीही मूळ 'मास्क' शब्दाकडे जायलाच हवं. खरं सांगायचं तर ताईंचा प्रश्न आला तेव्हा पहिल्यांदा मला हेच आठवलं.

आपली 'मस्करी' अरबी 'मस्खरा'वरून फारसीमार्गे आली. मस्खरा म्हणजे विदूषक, ज्याला लोक हसतात तो. मुळाशी सखिर हे क्रियापद आहे, टर उडवणे. इटालियन 'मास्केरा', स्पॅनिश 'मास्कारा', फ्रेंच 'मास्क' हेही त्याच मस्खऱ्यावरून आले, असं एक मत आहे. म्हणजे करोनात आपण कानाला अडकवलेला मास्क आणि कट्ट्यावरची मस्करी ही सख्खी भावंडं. यावर संस्कृताभिमानी एक गृहस्थ मला दरवेळी पाणिनी दाखवतात: 'मस्करमस्करिणौ वेणुपरिव्राजकयोः'. सूत्र खरं आहे, ६.१.१५४. पण त्यातला मस्कर म्हणजे बांबू आणि मस्करी म्हणजे हातात बांबू घेऊन फिरणारा संन्यासी. तो कुणाची थट्टा करत असल्याचं पाणिनी कुठे म्हणत नाही. दोन शब्द सारखे दिसले की नातं जोडायचं, ही सवय सोडा हो.

दुसरं मत युरोपातल्या कोशकारांचं, आणि त्यांच्या हातात तारीख आहे. इटलीतला लोंबार्ड राजा रोथारी याने ६४३ साली लॅटिनमध्ये कायदा लिहवून घेतला. त्यात एक कलम असं: दुसऱ्याच्या दासीला चेटकीण समजून, 'जिला मास्का म्हणतात' तशी समजून, कुणी मारू नये. बाई जिवंत माणसाला आतून खाते हे ख्रिस्ती मनाने खरं मानायचंच नाही, असंही त्या कलमात आहे. ६४३ साली इटलीत अरबी शब्द पोचायची शक्यता जवळजवळ नाही. तेव्हा मास्का ही चेटकीण आधीची, मस्खरा नंतरचा.

माझं मत विचाराल तर दोन्ही खरी. चेटकीण आधीपासून घरात होती, भूमध्य समुद्रातून मस्खरा आला आणि दोघं एकाच उच्चारात राहायला लागले. पुराव्याने हे सिद्ध करता येत नाही, मला ठाऊक आहे. पण आता गेलेदे बघा आणि मग मला हसा.

गेलेदे हा योरुबांच्या पश्चिमेकडचा, केतू भागातला प्रकार. युनेस्कोने २००१ मध्ये त्याला मानवजातीचा वारसा म्हणून गौरवलं. कुणासाठी असतो तो? 'आमच्या आयां'साठी. म्हाताऱ्या, अनुभवी बायका, ज्यांच्या ठायी जन्म देण्याची शक्ती आहे आणि रागावल्या तर घेण्याचीही. रात्री पाखरू होऊन उडणाऱ्या, असं त्यांच्याबद्दल बोललं जातं. रोथारीच्या राज्यात जिला मास्का म्हणून मारायला निघत, तिलाच केतूत नाचून, सजून, गोड बोलून प्रसन्न करून घेतात. पुरुष बायकांचा वेश घेतात, आणि नाच बाजारात होतो, कारण बाजार हे बायकांचं राज्य. एवढ्यावर संपत नाही. आदल्या रात्री जो गाणारा येतो त्याचं नाव एफे. गावातला कंजूष, लाच खाणारा, बायकोला छळणारा, सगळ्यांची तो गाण्यातून सालं काढतो, आणि त्या रात्री त्याला कुणी हात लावू शकत नाही. योरुबात 'एफे'चा अर्थ काय? मस्करी! एका सणात चेटकीणही आणि मस्करीही, दुपारी एक, रात्री दुसरी. शब्दांचा केतूशी काडीचा संबंध नाही, हा निव्वळ योगायोग. पण ज्या दिवशी हे माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मी दुपारचं जेवण विसरलो होतो.

असो. व्युत्पत्तीचाच विषय निघाला आहे तर 'एगुंगुन म्हणजे हाडं, म्हणून पूर्वजांचे सांगाडे' हेही एकदा निकालात काढू. आंतरजालावर हे सर्रास सापडतं, जाणकार म्हणवणारेही लिहितात. योरुबा ही सुरांची भाषा आहे. उंच, मधला आणि खालचा असे तीन सूर, आणि सूर बदलला की शब्द बदलला. हाडाचा एगुंगुन सपाट मधल्या सुरात, पूर्वजाचा उंच चढणारा. लिहिताना सूर दाखवणाऱ्या रेघा गाळल्या की दोन्ही सारखे दिसतात, आणि परदेशी लेखकांनी रेघा गाळल्याच. आपल्याकडे कुणी 'पाणी' आणि 'पाणि' एक धरून हातातून विहीर काढली तर कसं वाटेल? नायजेरियातल्याच इग्बो लोकांच्या शब्दाचं मात्र ठीक आहे. मास्करेडला ते 'म्मान्वू' म्हणतात, आणि तो शब्द म्मुओ म्हणजे आत्मा आणि ओन्वू म्हणजे मृत्यू यांपासून झाला असं सांगतात, आणि ते पटतं. इग्बोंचे म्मान्वू जमिनीतून, मुंग्यांच्या बिळातून वर येतात अशी समजूत आहे. योरुबांच्या एगुंगुनला 'आरा ओरून' म्हणतात, ओरूनचे म्हणजे परलोकीचे रहिवासी. ते चार दिवस पाहुणे म्हणून येतात. घोगऱ्या, माणसाच्या नसलेल्या आवाजात बोलतात आणि लोक त्यांना 'बाबा' म्हणून हाक मारतात. हो, बाबाच. वडिलांना योरुबात बाबा म्हणतात. लगेच नातं जोडू नका, पोरांच्या बोबड्या बोलातून असे शब्द जगभर आपापले जन्मतात. ब्राझीलमध्ये गुलाम म्हणून नेलेल्यांनी हेच बाबा बाहियातल्या इतापारिका बेटावर जपले आहेत. आजोबा गेल्यावर घरात मुलगा झाला तर त्याचं नाव ठेवतात बाबातुंदे, बाबा परत आले.

आता सोंग. अपमानाची शंका येते ती 'झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही' आणि 'सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही' या म्हणींमुळे. पण क्रियापदं बघा. सोंग घेणं, आणणं, करणं ही लबाडी. कर्ता माणूस, सोंग त्याच्या हातातली वस्तू. आता जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याला, म्हणजे सोंगांच्या उत्सवाला, जा. तिथे सोंग निघतं. सोंग नाचतं. संबळ वाजायला लागला की 'नरसिंहाचं सोंग आलं' म्हणतात. कर्ता सोंगच. आतल्या माणसाचं नाव वाक्यात येतच नाही. नायजेरियातला मास्करेडही 'बाहेर पडतो'. योरुबात क्रियापद 'जादे', बाहेर येणे. आणि आपलं 'सोंग' नपुंसकलिंगी आहे, हे केवढं सोयीचं! आत पुरुष, वर देवी, मग 'तो आला' म्हणायचं की 'ती आली'? 'ते आलं.' योरुबात तर तो-ती-तेचा भेदच नाही, एकच सर्वनाम. गेलेदेतल्या बाईच्या वेशातल्या पुरुषासाठी मराठीत यापेक्षा नेमका शब्द मला कुणी दाखवावा.

आतल्या माणसाचं नाव न घेण्यावरून एक आठवण. लहानपणी शिमग्याला आमच्या आजोळी संकासूर यायचा. काळा वेश, निमुळती टोपी, कमरेला घुंगरं, हातात फटकारा. मी पडवीत खांबाला धरून उभा. त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं होतं, आणि ते नख मी सकाळीच विहिरीवर पाहिलं होतं. मी मोठ्याने म्हणालो, 'हा तर आपला तात्या!' आजीची चापट इतकी पटकन आली की आवाज आधी ऐकू आला की दुखलं आधी, ते आठवत नाही. संकासुराने ऐकलं नसल्यासारखं केलं, आजीने सुपातले तांदूळ दिले, तो गेला. आजीला ठाऊक नव्हतं थोडंच. योरुबा गावातही बायकांना ठाऊक असतं की जाळीमागे कोण आहे. कापडं बऱ्याचदा त्यांनीच दिलेली असतात, ईया आगान ही त्या पंथातली मानाची पदवी बाईकडेच असते. पण बोलायचं नाही. इग्बोंकडे म्मान्वूचा वेश चारचौघांत उतरवणं म्हणजे पूर्वजाला मारणं समजलं जाई. वेशाआड कोण आहे हे कुणी म्हणायचं नाही, म्हणूनच त्याला निवाडा देता येतो. शेजाऱ्याने दंड सांगितला तर भांडण होईल, बाबांनी सांगितला तर भरायचा. झांगबेटो रात्री गस्त घालतो, नावाचा अर्थच 'रात्रीचा माणूस', आणि चोराला पकडतो ते गवत, गावातला अमका नव्हे.

एक अपवाद मुद्दाम सांगतो, कारण 'सोंग हे पुरुषांचंच काम' असं ठोकून देणारेही भेटतात. सिएरा लिओनमधल्या मेंदे लोकांत सांदे ही बायकांची संस्था आहे. तिथलं काळं चकचकीत, गळ्याला वळ्या असलेलं शिरस्त्राण घालून बायकाच नाचतात. मुली वयात येताना त्यांना वळण लावतात त्या ह्याच. पश्चिम आफ्रिकेत हे विरळा.

आणि मुखवटा म्हटलं की खोटेपणा, हे तरी आपण कुठून शिकलो? भाद्रपदात गौरींचे पितळी मुखवटे कोठीवर बसवून साडी नेसवली की 'गौरी आल्या' म्हणतो ना? आत तर माणूसही नसतो. म्हणजे मुखवट्यालाही माझा विरोध नाही, विरोध आहे तो 'मुखवटा घालून'ला.

ताईंचं वाक्य राहिलंच. 'तरुणांनी पूर्वजांचे मुखवटे घालून नृत्य सादर केलं' हे सगळं खोडा. तरुण खोडा, कारण ते तिथे नाहीतच. पहिल्या उल्लेखात 'एगुंगुन, म्हणजे परतून आलेल्या पूर्वजांची सोंगं' असं एकदा सांगा, पुढे नुसतं एगुंगुन ठेवा. वाक्य दोन शब्दांचं होतं:

एगुंगुन निघाले.