सोलापुरात वापरता येईल असा हलका स्कार्फ नणंदेसाठी विणायचाय. फक्त सुलट-उलट टाके येतात. धागा कोणता घेऊ, वीण कोणती घालू?

नणंद सोलापुरातच राहणार असेल तर लोकरीचा विचार सोडा. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत पहाटे काय गारठा पडतो तेवढाच, नंतर लोकर ट्रंकेत जाते. ॲक्रिलिक तर नकोच. स्वस्त असतं, रंग झकास असतात, पण घाम टिपत नाही आणि मान चिकचिकते. सुती धागा घ्या. मात्र तिला गाडीवर तोंडाला बांधायला स्कार्फ हवा असेल तर विणण्यात काही अर्थ नाही. विणीच्या भोकांतून ऊन लागणारच, त्यासाठी कापडाचाच बरा. विणलेला शोभतो तो गळ्यात सैल टाकायला, नाहीतर एसीच्या डब्यात.

सुताची खोड अशी की ते लोकरीपेक्षा जड पडतं आणि त्याला लवचीकपणा नसतो. म्हणून बारीक धागा आणि जाड सुई. हलकेपणा सगळा त्यातच आहे. 100 ग्रॅममध्ये साधारण 400 मीटर भरेल असा धागा बघा, एका स्कार्फला तेवढा पुरतो. लेबलवर ‘मर्सराइज्ड’ असेल तर उत्तम: कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेलं सूत, त्याला चमक असते आणि मजबुतीही जास्त.

आता सोलापुरात राहून सूत बाहेरून का मागवायचं? टॉवेल-चादरीवाल्यांना माल देणाऱ्या सुताच्या दुकानात चौकशी करा. तिथे सुताचे कोन (शंकूसारखे मोठे गुंडे) किलोच्या हिशेबात विकतात, त्यामुळे किरकोळ देणार का ते आधी विचारा. 2/20 चं सूत (20 नंबरचे दोन बारीक धागे एकत्र पिळलेलं) मिळालं तर ते 100 ग्रॅममध्ये जवळपास 1700 मीटर भरतं, म्हणजे एकेरी फारच बारीक. चार पदर एकत्र धरून विणा, बरोबर हवी ती जाडी येते. चार पदर चार रंगांचे घेतले तर जी मिसळ दिसते ती दुकानातल्या कुठल्याच गुंड्यात मिळत नाही, मी तर तेच करेन. गडद रंग असेल तर तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रंग जातो का ते पाहा.

सुई 5 मिलिमीटरची. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत ती 6 नंबर, आणि त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन नमुन्यात उलटं असतं, तिकडे हीच सुई 8 नंबर. म्हणून नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

एक ओळ सुलट, एक उलट असं विणू नका, कडा गुंडाळतात. सगळ्या ओळी सुलटच घाला. साधारण 45 टाके घाला, पाऊण वीत विणून रुंदी मोजा आणि 10 इंचांच्या आसपास येईल असे टाके कमी-जास्त करा. चार ओळी साध्या सुलट. पाचव्या ओळीत प्रत्येक टाक्याला धागा सुईवर एकदाऐवजी दोनदा गुंडाळायचा. सहाव्या ओळीत तो जादा वेढा सोडून देत सुलट विणत जायचं. टाके लांब होऊन जाळीचा पट्टा तयार होतो. बघणाऱ्याला वाटतं फार अवघड आहे! असं दीड मीटरपर्यंत. शेवटी टाके बंद करताना हात सैल ठेवा, नाहीतर ते टोक आखडतं.

झाल्यावर ओला करा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. गादीवर चादर टाकून त्यावर ताणून टाचण्या लावा आणि पंख्याखाली वाळू द्या, जाळी मोकळी होते. दोरीवर लटकवलात तर स्वतःच्या वजनाने लांबत जातो, हे नणंदेलाही सांगून ठेवा. थोडा उरलेला धागा सोबत द्या, टाका निसटला तर लागेल.