दवंडी झाली, पण ऐकली कुणी?

प्रश्न : कांदा लिलावाचे भाव शेतकऱ्यांना मोबाइलवर लगेच दिसावेत म्हणून मी वेब ॲप केलं आहे. आधी पान दर २ सेकंदांनी सर्व्हरला विचारायचं. ६०० लोक आले की सर्व्हर धापा टाकायचा. आता नोडचे (जावास्क्रिप्टवर चालणारे) दोन सर्व्हर, वेबसॉकेट (दोन्हीकडून बोलता येणारी कायम उघडी जोडणी) आणि रेडिस या वेगवान डेटा-साठ्याचं पब्लिश-सबस्क्राइब (एकाने पुकारायचं, बाकीच्यांनी ऐकायचं) बसवलंय. वेग आला, पण मधलेच काही भाव गायब होतात. लोक फोन करतात, ‘ताई, आमचा ट्रॅक्टर कितीला गेला ते दिसलंच नाही.’ रेडिस बदलू का?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : रेडिस बिचारं निर्दोष आहे. त्याचं पब्लिश म्हणजे गावातली दवंडी. त्या क्षणी जे चावडीपाशी होते त्यांनी ऐकली, शेतावर होते त्यांची हुकली. दवंडीवाला परत येत नाही आणि कोण हजर नव्हतं याची नोंदही ठेवत नाही. तुमच्या शेतकऱ्याच्या फोनची रेंज १० सेकंद गेली की तेवढ्यात पुकारलेले भाव त्याच्यापुरते झालेच नाहीत.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. एका दवाखान्यासाठी मी टोकनचा फलक केला होता. वायफाय क्षणभर गेलं आणि टीव्हीवर १७ हा आकडा तसाच राहिला. आत डॉक्टर २३ वर पोचले होते. १८ नंबरच्या आजी पाऊण तास शांतपणे बसून होत्या, कारण ‘टीव्ही सांगेल ना.’ त्या दिवसापासून मी दवंडीवर फक्त एकच काम सोपवते : ‘चावडीवर नवा कागद लागलाय, बघून या.’ खरा भाव डेटाबेसमध्ये.

तुमचा डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर रेडिसची गरजही नाही. पोस्टग्रेसमध्येच लिसन-नोटिफाय (ऐकणं आणि हाक देणं) आहे आणि नोटिफायची हाक व्यवहार कमिट, म्हणजे पक्का नोंदला गेल्यावरच जाते. रेडिसला कमिटच्या आधी कळवलं, तर ऐकणारा धावत येतो आणि ओळ अजून जागेवर नसते. हा घोळ एरवी सापडत नाही, लिलावाच्या गर्दीतच सापडतो. नोटिफायमधून फक्त नोंदीचा क्रमांक पाठवा; मजकुराला ८००० बाइट्सची मर्यादा आहे. दोन्ही सर्व्हरनी लिसन करून आपापल्या ग्राहकांना भाव पोचवायचा. मध्ये पीजीबाउन्सर (पोस्टग्रेसच्या जोडण्या वाटून देणारा प्रोग्रॅम) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये, म्हणजे एकेका व्यवहारापुरतीच जोडणी देत असेल तर लिसनसाठी थेट जोडणी ठेवा, त्यातून ते चालत नाही.

आणि वेबसॉकेट कशाला? शेतकरी भाव वाचतो, बोली तर लावत नाही. एकाच दिशेने जाणाऱ्या निरोपाला सर्व्हर-सेंट इव्हेंट्स (सर्व्हरकडून ब्राउझरकडे येणारी एकतर्फी उघडी जोडणी) पुरतात. प्रत्येक भावाबरोबर नोंदीचा क्रमांक आयडी म्हणून द्या. जोडणी तुटली तर ब्राउझर आपणहून परत येतो आणि लास्ट-इव्हेंट-आयडी या हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) सांगतो, ‘मी इथपर्यंत वाचलंय.’ त्यापुढच्या नोंदी डेटाबेसमधून काढून द्या.

इथे क्रम चुकवू नका. आधी नव्या भावांकडे कान लावायचा, मग जुने वाचायचे. उलट केलंत, तर दोन्हींच्या मधल्या फटीत एखादा ट्रॅक्टर हरवतोच. काही भाव दोनदा येतील. क्रमांक बघून ब्राउझरमध्ये गाळा. नोंदी करणारे कारकून दोघं-तिघं असतील तर लहान क्रमांकाची नोंद कधी मागाहूनही कमिट होते, म्हणून जुन्या नोंदी देताना चार-दोन मागच्या नोंदीही पुन्हा पाठवा. गाळणीही त्याच हिशेबाने लावा : ‘शेवटच्यापेक्षा मोठा’ एवढंच न बघता तो क्रमांक आधी आलाय का ते बघा.

तुमच्या सर्व्हरच्या पुढे एनजिनक्स (विनंत्या आत पोचवणारा वेब सर्व्हर) असेल तर त्याचं बफरिंग (साठवून ठेवणं) त्या मार्गापुरतं बंद करा, नाहीतर तो भाव साठवून एकदम ओततो. ६० सेकंद काहीच गेलं नाही तर तो जोडणीही तोडतो, म्हणून दर २० सेकंदांनी विसर्गासारख्या दोन टिंबांनी, म्हणजे कोलनने (:) सुरू होणारी रिकामी ओळ पाठवत राहा. एचटीटीपी/२ (ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याची नवी रीत) चालू असू द्या; जुन्या एचटीटीपीवर ब्राउझर एका साइटला ६ जोडण्याच देतो.

मग फोन एअरप्लेन मोडवर टाका, तेवढ्यात ३ भाव नोंदवा आणि फोन परत चालू करा. तिन्ही दिसले पाहिजेत. हे घरच्या वायफायवर करू नका, बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरांच्या रांगेत उभं राहून करा.