पुण्यातलं डेटा सायन्स की केगावचं संख्याशास्त्र?

मंगळवेढा तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

"मुलगी सोलापूर विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुख्य विषय संख्याशास्त्र, आतापर्यंत सीजीपीए आठच्या वर. तिला पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात एमएस्सी डेटा सायन्स करायचंय. फी वर्षाला 1 लाख 90 हजार, खोली आणि मेस महिना 12 हजार. त्यांचे दिवसाआड फोन येतात, 25 हजार भरून सीट धरून ठेवा म्हणतात. मला वाटतं, आपल्या सोलापूर विद्यापीठातच एमएस्सी करावी. फी तिकडच्या पाव भागही नाही. पण पाहुणे म्हणतात, एका जिल्ह्याचं विद्यापीठ ते, तिथं काय ठेवलंय? जमीन चार एकर आहे. एक एकर विकावी की कर्ज काढावं? मुलींचं शिक्षण मोफत झालंय म्हणतात, ते इथं लागू होईल का? आम्ही ओबीसी, उत्पन्न 8 लाखांच्या बरंच आत."

नमस्कार. आधी एक सांगून टाकतो, एकर विकू नका. निदान या अभ्यासक्रमासाठी तरी नको.

तुम्ही दिलेल्याच आकड्यांवरून हिशेब मांडला. दोन वर्षांची फी 3 लाख 80 हजार. सुट्ट्या वगळून वीस महिने धरले तर राहणं-खाणं 2 लाख 40 हजार. म्हणजे 6 लाख 20 हजार, आणि यात लॅपटॉप, गावी येणं-जाणं धरलेलं नाही. 6 लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता जवळपास 10 हजार पडतो. शिकत असतानाच्या दोन वर्षांचं व्याज वर चढलं की तो आणखी फुगतो. पुण्यात पहिल्या नोकरीला लागलेल्या मुलीचं भाडं, डबा आणि हा हप्ता एका पगारात बसवून बघा. बसतो, पण मग ती पहिली दोन-तीन वर्षं मिळेल ती नोकरी धरून ठेवते, कारण सोडायची सोय राहत नाही. कर्जाची ही बाजू बँकेच्या तक्त्यात कुठे दिसत नाही.

मोफत शिक्षणाचं विचारलंत. 8 जुलै 2024 चा तो शासन निर्णय खरा आहे. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. पण ती व्यावसायिक अभ्यासक्रमांना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून जागा घेतली असेल तर. शिवाय खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तिच्यातून सरळ वगळलेली आहेत. तेव्हा पुण्याच्या त्या जागेला ती लागू होणार नाही. फोनवरचा माणूस "होऊन जाईल हो" म्हणाला असेल, तर त्याला ते लेखी पाठवायला सांगा. फोन येणं आपोआप कमी होईल.

सोलापूरच्या एमएस्सीसाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या योजना बघायच्या. त्यात शिष्यवृत्तीची एक आहे आणि शिक्षण व परीक्षा शुल्काची वेगळी आहे. त्यांची उत्पन्नाची अट सारखी नाही, त्यामुळे एकीत बसलो नाही म्हणून दुसरी सोडून देऊ नका. वसतिगृहात जागा न मिळालेल्या ओबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तिची चौकशी ओबीसी विभागाच्या जिल्हा कार्यालयात करा. महाडीबीटीचे पैसे यायला उशीर होतो. ते आले तर पुढच्या वर्षाला कामी येतील असं धरून चाला, पहिल्या सत्राचा खर्च त्यांच्या भरवशावर ठेवू नका.

आता पाहुण्यांचा प्रश्न: तिथं काय ठेवलंय?

सोलापूर विद्यापीठ 1 ऑगस्ट 2004 ला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून वेगळं झालं, 2019 मध्ये त्याच्या नावात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर हे नाव आलं. कार्यक्षेत्र खरंच एका जिल्ह्यापुरतं. पण पाहुणे ज्याला कमीपणा समजतात, त्याचा अर्थ एमएस्सीच्या वर्गात काय होतो ते बघा. वर्ग लहान असतो. विद्यापीठाचा परिसर सोलापूरजवळ केगावला आहे, तिथल्या संगणकशास्त्र संकुलात संख्याशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्र एकाच छताखाली आहेत. तुमच्या मुलीला पुढे ज्या तीन गोष्टी लागणार, त्या शिकवणारी माणसं एका जिन्याच्या अंतरावर. शंका विचारायला वेळ मागावा लागत नाही, बाई वर्गाबाहेर आल्या की विचारता येते. संख्याशास्त्रात हे फार मोलाचं, कारण हा विषय अडतो तो नेमका एका ओळीवर अडतो. ती ओळ कुणी सोडवून दिली नाही की पुढचे तीन महिने पाठांतर चालतं.

उणं काय तेही सांगतो. राज्यातल्या बहुतेक अकृषी विद्यापीठांत कायम प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि बरीच शिकवणी तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालते. त्यात काही उत्तम असतात, पण दिवाळीनंतर तेच राहतील याची खात्री नसते. म्हणून प्रवेशाआधी कामाच्या दिवशी अकरा वाजता मुलीला घेऊन संकुलात जा. कार्यालयात विचारू नका, एमएस्सी द्वितीय वर्षाच्या मुलामुलींना गाठा. विचारा: कायम शिक्षक किती, मागच्या सत्रात किती तास बुडाले, प्रयोगशाळेतले संगणक चालतात का, मागच्या बॅचची पाच मुलं आज काय करतात. अर्ध्या तासात तुम्हाला जे कळेल ते कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. हेच चार प्रश्न पुण्यातही विचारा. तिथल्या विद्यार्थ्यांशी एकट्याने बोलू दिलं नाही, तर तेही एक उत्तरच आहे.

दुसरं उणं म्हणजे कंपन्या. वीस-तीस मुलांच्या वर्गासाठी पुण्या-मुंबईची कंपनी केगावला येत नाही. इथली मुलं स्वतः निघून जातात, अर्ज करतात, मुलाखती देतात. हा त्रास खरा आहे आणि तो मुलीला उचलावा लागेल.

मग डेटा सायन्सला काही अर्थच नाही का? आहे. पण दोन्ही अभ्यासक्रमांचे विषय एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून काढा. नाव नवं असलं तरी आत संभाव्यता, अनुमान, रेषीय प्रतिमानं, नमुना निवड, प्रयोगांची आखणी किती आहे ते मोजा. खासगीतल्या अशा बऱ्याच अभ्यासक्रमांत हे सगळं एका सत्रात गुंडाळतात आणि उरलेली तीन सत्रं पायथॉन ही संगणकाची भाषा आणि सॉफ्टवेअर यांवर जातात. ज्या मुलीनं तीन वर्षं संख्याशास्त्र केलंय, तिनं पायथॉन शिकायला 4 लाख भरायचे? काही वर्षांपूर्वी मी अशाच एका मुलाला नावावर भाळून तिकडे जा म्हटलं होतं. तो दीड वर्षानं भेटला तेव्हा सहज विचारलं, संख्याशास्त्रातली अगदी पायाची गोष्ट, पी-व्हॅल्यू म्हणजे काय सांग. त्याला ती काढून देणारी आज्ञा तोंडपाठ होती, अर्थ सांगता येईना. सल्ला माझा होता, तेव्हापासून मी विषयांची यादी बघितल्याशिवाय बोलत नाही.

पुणे म्हणजे फक्त खासगी असंही नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग 1953 पासूनचा आहे, प्रवेश परीक्षेतून जागा मिळते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातलाही विभाग चांगला मानतात. मुलीला पुण्याचीच ओढ असेल तर तिथली परीक्षा देऊ दे. सार्वजनिक विद्यापीठात जागा लागली तर पुण्यात राहण्याचा खर्च मी मान्य करीन, कारण मग पैसा शिकवणीवर जातोय. एवढं लक्षात ठेवा, की आपल्याच विद्यापीठाच्या पदवीधरांसाठी आणि बाहेरच्यांसाठी जागांची वाटणी वेगळी असते, आणि बाहेर जायचं तर स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. आयआयटीत एमएस्सी करायची तर 'जॅम' ही परीक्षा फेब्रुवारीत होऊन जाते आणि अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात. यंदा ती वेळ गेली.

इथून पुढचं मुलीला वाचायला द्या.

बेटा, तुला वाटत असेल की सर बाबांच्या बाजूनं बोलताहेत. केगावला गेलीस तर तुझ्यावर दोन वर्षांत जास्त काम पडणार आहे, हे आधीच सांगतो. राज्यात नव्या शैक्षणिक धोरणानंतर एमएस्सी 88 क्रेडिटची आहे. पहिल्या सत्रात संशोधन पद्धती, दुसऱ्यात चार क्रेडिटचं कार्य प्रशिक्षण, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकणं, तिसऱ्या-चौथ्यात संशोधन प्रकल्प. बहुतेक मुलं कार्य प्रशिक्षण म्हणजे ओळखीच्या कार्यालयातून सही-शिक्का असं समजतात आणि तिथेच पाणी सोडतात. तू तसं करू नकोस. केगावलाच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथं दरवर्षी खतांचे, रोगांचे, वाणांचे प्रयोग लागतात, आणि प्रत्येक प्रयोगाची मांडणी आणि विश्लेषण म्हणजे तुझा 'प्रयोगांची आखणी'चा अख्खा पेपर आहे. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जा आणि विचार. फार तर नाही म्हणतील.

आणखी एक, घरच्याच शेतातलं. पीक विम्यासाठी गावात पीक कापणी प्रयोग होतात, बाबांनी पाहिले असतील. गट नंबर चिठ्ठीसारखा यादृच्छिक पद्धतीनं निवडायचा, शेतात जाऊन कोपऱ्यापासून पावलं मोजत ठरलेल्या जागी खुंट्या ठोकायच्या, दोरी लावायची, आतली ज्वारी कापून तिथल्या तिथं वजन करायचं. चांगलं पीक असलेला तुकडा बघून घ्या असं शेतकरी म्हणतो, वाईट घ्या असंही म्हणतो, आणि दोन्ही का चालत नाही हे तुला नमुना निवडीच्या पेपरात शिकवलंय. ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत पां. वा. सुखात्मे होते. साताऱ्याकडच्या बुध गावी 1911 मध्ये जन्मले आणि जगातल्या मोठ्या संख्याशास्त्रज्ञांत गणले गेले. मंगळवेढ्याच्या ज्वारीचे अंदाज आणि प्रत्यक्ष उतारा यांत किती फरक पडतो, यावर तू चौथ्या सत्राचा प्रकल्प केलास तर मुलाखतीत तुला वेगळं काही पाठ करावं लागणार नाही.

रोज दोन तास राखून ठेव. पहिल्या वर्षी आर ही संख्याशास्त्राच्या कामाची संगणकभाषा आणि माहितीसाठ्यातून माहिती काढायची एसक्यूएल, दुसऱ्या वर्षी पायथॉन. आर आणि पायथॉन दोन्ही फुकट मिळतात, शिकायचं साहित्यही फुकट आहे. औषध कंपन्यांकडे, म्हणजे क्लिनिकल ट्रायलच्या कामाकडे जायचं असेल तर सॅस हे विश्लेषणाचं सॉफ्टवेअर शिकावं लागेल. सरकारी बाजूला यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा आहे. तिला बीएस्सीवरही बसता येतं, पण संख्याशास्त्राचे प्रत्येकी 200 गुणांचे चार पेपर असतात आणि त्यातले दोन वर्णनात्मक. एमएस्सीचा अभ्यास त्यांच्यासाठीच केल्यासारखा होतो. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची पदं निघतात. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर सेट किंवा सीएसआयआर-नेट ही पात्रता परीक्षा, विषय गणितीय विज्ञान. यातलं काय ते आजच ठरवू नकोस. पहिल्या वर्षाच्या शेवटी तुला कुठला पेपर वाचताना झोप येत नाही ते बघ, मग आपण बोलू.

पुन्हा वडिलांसाठी. तुमच्या गावाहून रोज येऊन-जाऊन करू नका. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, विद्यार्थी पासही आहे, पैशाचा प्रश्न नाही. पण जाता-येता मिळून चार तास जातात आणि मी वर मागितलेले दोन तास त्यातच संपतात. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्याच दिवशी करा, नंतर करू म्हणणाऱ्यांना जागा मिळत नाही. नाही मिळालं तर दोघी-तिघींनी मिळून खोली घ्यावी. कमवा व शिका योजनेत नाव घालायला लाजू नये, थोडे पैसे मिळतात आणि विभागात ओळख होते.

पुण्याला 25 हजार अजून भरले नसतील तर भरू नका. भरले असतील आणि रद्द करायचं असेल तर लगेच लेखी अर्ज करा, विद्यापीठ अनुदान आयोगाचे (युजीसीचे) फी परताव्याचे नियम खासगी विद्यापीठांनाही बंधनकारक आहेत. मूळ गुणपत्रिका आणि दाखला कुणाच्याही ताब्यात ठेवून येऊ नका. संस्थेनं त्या तपासून परत द्यायच्या असतात, 2018 मध्ये युजीसीनं हे स्पष्ट केलंय.

आणि घरातलं नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र काढून पाहा. त्यावर तारीख 31 मार्चची असते. तुमचं गेल्या मार्चमध्येच संपलं असेल तर निकालाची वाट न बघता या आठवड्यात सेतू केंद्रात अर्ज टाका, सोबत उत्पन्नाचा दाखलाही. जूनमध्ये तिथं बारावीची सगळी गर्दी उतरते.