शिरवळहून महाडला ट्रेलर वरंध घाटाने का पाठवत नाहीत?

शिरवळहून महाड एमआयडीसीला भोर-वरंध घाटाने साधारण शंभर किलोमीटर पडतात, मग ट्रान्सपोर्टवाला चाळीस फुटी ट्रेलर पुणे-खोपोली-पेण असा अडीचशेच्या घरात फिरवून जास्त भाडं का मागतो, असं तुम्ही विचारलंय. गाड्यांचे मार्ग ठरवणं हेच माझं काम, म्हणून खात्रीने सांगतो, तो तुम्हाला फसवत नाही.

मोठ्या गाडीसाठी वाट बघताना मी आधी तिच्यातलं सगळ्यात वाईट वळण शोधतो. घोडा, म्हणजे इंजिन-केबिनचा पुढचा ओढणारा भाग, आणि ट्रेलर मिळून लांबी १६ मीटरच्या आसपास जाते. घोडा वळला तरी ट्रेलरची मागची चाकं त्याच्या मागावरून येत नाहीत, आतून कापत येतात. वरंधच्या एका वळणावर ड्रायव्हरला सोबत घेऊन मी टेपने रस्ता मोजलाय. आत कातळ, बाहेर कठडा, पलीकडे दरी. तिथे समोरून एसटी आली तर कोणी मागे घ्यायचं? शिवाय दरडींमुळे पावसाळ्यात हा घाट अवजड वाहनांना बंद करतात, म्हणजे वर्षभराची खेप त्यावर लावताच येत नाही.

मग पूल. २०१८ साली केंद्राने एक्सलवरचं वजन वाढवून दिलं, चार टायरच्या एका एक्सलला १०.२ वरून ११.५ टन. गाड्यांचं पासिंग, म्हणजे कागदोपत्री मंजूर वजन, वाढलं, आडवाटेचे जुने पूल मात्र तेच आहेत. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट गेल्या. तेव्हापासून नव्या वाटेवर गाडी लावण्याआधी मी स्वतः रिकाम्या पिकअपने जाऊन प्रत्येक पुलाखाली उतरून बघतो.

माल छोट्या गाड्यांत बसत असेल तर कोरड्या दिवसांत वरंधने खुशाल पाठवा. ट्रेलरच लागणार असेल तर वाढीव भाडं द्या, पण लांबची वाट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आणि पुढे बोरघाट, दोन्ही त्याच वाटेवर आहेत. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे लाइनर (घासून चाक थांबवणारं अस्तर) तापतात आणि ब्रेक लागेनासा होतो. गाडी भरून झाली की ड्रायव्हरला एवढंच विचारा, बोरघाट कितव्या गिअरमध्ये उतरणार? तो अडखळला तर गाडी सोडू नका.