मयत फंडाच्या कबरी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आजोबांच्या वेळच्या कामगारांच्या मयत फंडाने पुण्यातल्या ख्रिस्ती दफनभूमीत कबरींची एक रांग घेतली होती. आजी-आजोबांना तिथेच माती दिली. फंड केव्हाच बंद पडला, हाती फक्त वर्गणीचं पुस्तक आहे. आईला तिथे जागा मिळेल का? (खडकी)

उत्तर : मिळू शकते, पण नुसत्या पुस्तकावर नाही. त्यातून आजोबा सभासद होते एवढंच कळतं. दफनभूमीत सहसा जमीन विकत मिळत नाही, दफनाचा हक्क मिळतो. म्हणून पावती कोणाच्या नावाची, हा पहिला प्रश्न. दफनाची तारीख घेऊन कार्यालयात जा. नोंदवही तारखेवार लिहिलेली असते, नुसत्या नावावरून शोधायला गेलात तर दिवस मोडेल. ब्लॉक, कबरीचा क्रमांक आणि पैसे कोणी भरले हे उतरवून घ्या. खोली लिहिलेली असेल तर तीही घ्या, कारण पहिली पेटी वरच ठेवलेली असेल तर त्याच कबरीत दुसरी बसत नाही.

पैसे कुटुंबाने भरले असतील तर काम सोपं. फंडाने भरले असतील, तर फंड नोंदलेला होता का ते धर्मादाय कार्यालयात पाहा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंद असेल तर परिशिष्ट एकचा उतारा मागा. त्यात विश्वस्तांची नावं आणि मालमत्ता सापडते. विश्वस्त एकेक करून वारले आणि चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची कार्यालयाला द्यायची माहिती, कोणी दिलीच नाही, ही नेहमीची अडचण. नोंदच नसेल तर दफनभूमीच्या समितीकडे लेखी अर्ज करा. सोबत वर्गणीचं पुस्तक, आजी-आजोबांचे मृत्यूचे दाखले, आईच्या नात्याचा पुरावा आणि दगडाचा फोटो जोडा. उत्तरही लेखीच घ्या. आणि हे सगळं आई हयात असतानाच करा. मयत घरात असताना नोंदवह्या चाळायची वेळ कोणावरही येऊ नये.

प्रश्न : जुन्या कबरीवर साखळीच्या तीन कड्या आणि ‘आय.ओ.ओ.एफ.’ ही अक्षरं आहेत. हे फ्रीमेसन का? (कॅम्प)

उत्तर : नाही. फ्रीमेसनची खूण गुण्या आणि कंपास. तीन कड्या आणि ही अक्षरं ऑडफेलोज या परस्पर मदतीच्या संघटनेची. कड्या म्हणजे मैत्री, प्रेम, सत्य. त्यांची मँचेस्टर युनिटी ही शाखा १८१० ची. फॉरेस्टर्स ही तशीच १८३४ ची संघटना, तिच्या दगडावर ‘ए.ओ.एफ.’ आणि बहुधा हरिण दिसतं. सभासदांनी नियमाने वर्गणी भरायची, आजारपणात भत्ता आणि मेल्यावर दफनाचा खर्च मिळायचा. आपल्या मयत फंडाचीच ही चुलत भावंडं. दगड लॉजच्या (संघटनेच्या स्थानिक शाखेच्या) बंधूंनी बसवलेला असला तर त्यावर बायकामुलांची नावं नसूही शकतात. त्यासाठी चर्चच्या दफन नोंदी पाहा. मुंबई इलाख्यातल्या अशा नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिस दप्तरात एन/३ या मालिकेत आहेत.

प्रश्न : फंडाच्या सामायिक स्मारकाचा संगमरवर कलला आहे, शिशाची अक्षरं गळत आहेत. २ नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या, आत दुरुस्ती होईल का? (घोरपडी)

उत्तर : धुणं होईल, दगड उभा करण्याची घाई नको. कबरीवरची माती भरावाची असते. आतली पेटी कुजली की ती खाली बसते आणि तिच्यावर टेकलेला दगड कलतो. त्यात जमीन काळी असेल तर पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नुसतं सिमेंट ओतून दगड सरळ केला तर वर्ष-दोन वर्षांत पुन्हा तेच. पायाची तुळई खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना न खोदलेल्या जमिनीवर टेकली पाहिजे. टेकणी मुरूम लागेपर्यंत खाली न्या. नवी कबर असेल तर निदान एक पावसाळा मातीचा उंचवटाच राहू द्या, खचेल तशी भर घाला. दगड जोडायला लोखंडी सळी वापरू नका. ती गंजून फुगते आणि संगमरवर तडकतो. स्टेनलेस स्टीलची घ्या.

अक्षर गळालं तिथे जवळून पाहा. खाचेच्या तळाशी बारीक भोकं दिसतील. शिसं त्यांत ठोकून पकडलेलं असतं. संध्याकाळी बॅटरी बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून धरा. खाच आणि भोकांच्या सावल्यांवरून पुसट नावही वाचता येतं. खाचेत ऑइल पेंट भरू नका, ते पोपडे धरून निघतं. शिसंच पुन्हा ठोकून घ्या.

धुताना साधं पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश. खालून वर घासत या, म्हणजे मळके ओघळ कोरड्या दगडात मुरत नाहीत. फरशीचं ॲसिड संगमरवर खातं. तारेचा ब्रशही नकोच. काम सुरू करण्याआधी पूर्ण मजकूर आहे तसा, जुन्या स्पेलिंगसकट कागदावर उतरवा आणि ती प्रत कारागिराच्या हातात द्या.