डोक्यातून उगवलेली सुपारी आणि इतर प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच दुखण्याची निघाली, माणसाचा फोटो काढला, दाखवला आणि मग बिनसलं. म्हणून तिन्ही एकत्रच घेतोय.

प्रश्न: नमस्कार. चतुर्थीला माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात ती चौकट) बांधून झाल्यावर काकांना तिच्याच खाली उभं करून फोटो काढला, प्रिंट सोबत पाठवतोय. क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा कॅमेरा, ५० एमएमची लेन्स, एफ/१.८ म्हणजे जवळजवळ पूर्ण उघडी. घरात सगळे म्हणाले, बरा आलाय. आमच्या ओळखीचे एकजण वर्षानुवर्षं लग्नाचे फोटो काढतात, त्यांनी बघितला न बघितला आणि म्हणाले हा स्नॅप आहे, पोर्ट्रेट नाही. काय चुकलं विचारलं तर नुसते हसले. तेव्हापासून मलाच तो फोटो आवडेनासा झालाय. कोणाचं खरं मानू?
(एक वाचक, डिचोली)

उत्तर: कोणाचंच मानू नका, कारण दोघांनीही तुम्हाला काही सांगितलेलंच नाही. ‘बरा आलाय’ ऐकून तुम्ही पुढच्या चतुर्थीला हाच फोटो परत काढाल आणि ‘स्नॅप आहे’ ऐकून कॅमेराच कपाटात ठेवाल, बाकी फरक काय?

प्रिंट माझ्यासमोर आहे. माझी नजर कुठून कुठे गेली तेवढं सांगतो, मग ठरवा. पहिल्यांदा गेली ती सुपारीच्या घोसावर, कारण तो बरोब्बर काकांच्या टाळूवर आलाय आणि डोक्यातूनच उगवल्यासारखा दिसतोय (मी हसलो, माफ करा). तिथून डावीकडच्या ट्यूबलाइटवर, कारण अख्ख्या फोटोत सगळ्यात पांढरं तेच आहे. मग कानावर, आणि डोळ्यांपर्यंत पोचलो ते चौथ्या खेपेला. पोर्ट्रेटमधे डोळ्यांचा नंबर चौथा लागत असेल तर गडबड आहे.

कान का? चेहरा तिरका आहे आणि फोकस अलीकडच्या कानावर बसलाय. तुमच्या कॅमेऱ्यावर ५०ची लेन्स एफ/१.८ला ठेवून मीटरभरावरून फोटो काढला की जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर पट्टा शार्प येतो, कान ते डोळा एवढं अंतर त्यात बसतच नाही. एफ/४ला हाच पट्टा सहा सेंटिमीटरच्या आसपास जातो. तेव्हा फोकस पॉइंट हाताने सरकवून लेन्सच्या जवळच्या डोळ्यावर आणायचा आणि अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, थोडं बंद करायचं (एफचा आकडा वाढवायचा). उजेड कमी पडला तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनक्षमता) १६०० करा, ३२०० करा, नॉइजने, म्हणजे फोटोत येणाऱ्या दाण्यांनी, कोणी मेलेलं नाही, मऊ डोळ्याचं मात्र नंतर काहीच करता येत नाही.

आता उजेड. दारातून पावसाळी निळसर, वरून ट्यूबचा हिरवट, मागून माळांचा पिवळा, असे तीन रंग काकांच्या एकाच गालावर आलेत. कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग जुळवायची सोय, यातला एकच रंग सुधारू शकतो. ट्यूब बंद करून काकांना दाराकडे तोंड करून दोन पावलं पुढे घेतलं असतं तर माटोळी मागे गेली असती, सुपारी डोक्यावरून उतरली असती आणि ढगाळ दिवसाचा तो मऊ उजेड, ज्याच्यासाठी लोक पैसे टाकून सॉफ्टबॉक्स (दिव्यावर लावायची पांढऱ्या कापडाची पेटी) घेतात, तो फुकटात मिळाला असता. हाच फोटो वाचवायचा असेल तर ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, रंगांचं भांडण तरी मिटेल.

आणि जे चांगलं आहे तेही ऐका, कारण ते तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. काकांच्या हातात माटोळी बांधायच्या केवणीच्या (रानझुडपाच्या सालीच्या) दोराचा तुकडा अजून आहे, बोटाला गुंडाळलेला. काम आत्ताच संपलंय, माणूस दमलाय आणि खूश आहे, हे त्या दोरावरून कळतं. तुम्ही नेमकी तीच बोटं खालच्या कडेला अर्धी कापलीत. मूळ फाइलमधे हात पूर्ण असतील तर क्रॉप बदलून तेवढे आत घ्या, बाकी सगळं नंतर.

पुढच्या वेळी कोणाला दाखवताना ‘कसा आलाय’ विचारूच नका. ‘पहिल्यांदा कुठे बघितलंस’ असं विचारा. हे विचारायला फोटोग्राफर लागत नाही, सकाळी पाव घेऊन दारात येणाऱ्या पोदेरालाही विचारता येतं आणि तो खरं सांगेल कारण त्याला तुमच्या लेन्सची किंमत माहीत नाही. तो बघत असताना तोंड बंद ठेवायचं, ‘त्या दिवशी उजेडच नव्हता’ वगैरे सुरू केलंत की समोरचा फोटो सोडून तुमचीच समजूत घालायला लागतो. आणि त्या लग्नवाल्यांना परत गाठा, पण एकच गोष्ट विचारा: इथे तुम्ही लाइट कुठून घेतला असता? एवढ्या अनुभवाच्या माणसाला असा प्रश्न विचारला की तो हसत नाही, सांगत बसतो.

घरच्यांचं मतही टाकून देऊ नका हां. फोकस त्यांना कळत नसेल, पण काका काकांसारखे दिसतायत की नाही हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार.

प्रश्न: माझ्या जावेने नवीन फोनवर मुलीचा अरंगेत्रमच्या (भरतनाट्यमच्या पहिल्या एकल कार्यक्रमाच्या) पोशाखातला फोटो काढला आणि ‘खरं काय ते सांग’ म्हणाली. मी म्हटलं नाक जाड दिसतंय आणि गजरा अर्धा गायब आहे. दोन आठवडे नीट बोलत नाहीये. खरं सांगायचंच नाही का?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर: सांगायचं, पण तुम्ही मुलीच्या नाकाबद्दल बोललात आणि दोष होता अंतराचा. फोनची मुख्य लेन्स साधारण २४-२६ एमएम इतकी वाइड असते, तिने हातभरावरून चेहरा भरून काढला की जे पुढे असतं ते फुगतं, कोणाचंही नाक असो. चार पावलं मागे जाऊन २एक्स (दुप्पट झूम) वापरलं की नाक जाग्यावर येतं. गजऱ्याचंही तसंच, पोर्ट्रेट मोड मागचं धूसर करताना केसांच्या आणि फुलांच्या कडा चुकून खातो. म्हणजे तुमचं दोन्ही निरीक्षण बरोबर होतं, फक्त आईला ऐकू आलं ते ‘तुझी मुलगी बरी दिसत नाही’ एवढंच. ‘वहिनी, फोन फार जवळ धरलात वाटतं’ म्हटलं असतं तर चहा मिळाला असता.

मत देण्याआधी फोटो कशासाठी आहे तेही विचारून घ्यावं. निमंत्रणपत्रिकेवर छापायचा असेल तर गजरा सांगायलाच हवा, अजून वेळ आहे, परत काढता येतो. नुसता मुलीचा आनंद म्हणून असेल तर कशाला? आणि गेलेल्या माणसाचा शेवटचा फोटो कोणी दाखवला तर तिथे फोकस-बिकस काही काढू नये, एवढं तरी आपल्याला कळायला हवं.

स्वतःची आवड आणि फोटोची चूक, यांची मात्र गल्लत करू नका. अर्धा चेहरा काळोखात ठेवलेला तुम्हाला आवडत नसेल, पण काढणाऱ्याने तो मुद्दाम ठेवला असू शकतो. तिथे ‘हे असं का ठेवलंस’ विचारावं आणि उत्तर ऐकून मग बोलावं.

प्रश्न: ओळखीच्या एका फोटोग्राफरने आमच्या घराच्या पांढऱ्या भिंतीसमोर माझे फोटो काढले. मी चांगली सावळी आहे, त्याने मला गोरी करून टाकलंय, गालावरचा व्रणही पुसला. आवडलं नाही म्हटलं तर म्हणतो तुला फोटोतलं काय कळतं.
(एक वाचक, काणकोण)

उत्तर: चेहरा तुमचा आहे, त्यातलं तुम्हालाच कळतं. १९५४ साली ब्रिटिश पार्लमेंटने चर्चिलच्या ८०व्या वाढदिवसाला ग्रॅहम सदरलँडकडून त्याचं पोर्ट्रेट रंगवून घेतलं, ते चर्चिलला इतकं नकोसं झालं की पुढे त्याच्या बायकोने ते नष्टच करवलं. तुम्ही तेवढ्या थराला जाऊ नका, पण नापसंती सांगायचा हक्क पूर्ण आहे.

झालं काय असेल तर फ्रेममधे पांढरी भिंत भरपूर, कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर तिला बघून एक्स्पोजर (फोटोतला उजेड) खाली ओढतं आणि चेहरा काळवंडतो. काढतानाच एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, वाढवला असता तर तुमचा रंग होता तसा आला असता. ते राहिलं आणि नंतर ब्यूटीचा स्लायडर ओढला, त्यात रंगही गेला आणि कातडीचा पोतही. त्याला हेच शब्द सांगा: मला गोरं करू नकोस, एक्स्पोजर नीट कर, स्मूदिंग काढ, व्रण परत आण. मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातून आलेली, काहीच बदल न केलेली) असेल तर त्याला दहा मिनिटांचंही काम नाही. ते होईपर्यंत फोटो कुठे लावायचा नाही की कोणाला पाठवायचा नाही, हेही त्याच बोलण्यात सांगून टाका.